वेदीपासून बांधापर्यंत



राखेचा बुधवार होऊन गेला की आपल्या चर्चमध्ये पापनिवेदनाच्या रांगा लांबू लागतात. वर्षभर न दिसणारे चेहरे दिसू लागतात. पवित्र आठवडा जवळ आला की शेजारच्या धर्मग्रामांतून फादरांना मदतीला बोलवावे लागते. ही आनंदाचीच गोष्ट आहे. आपले चुकले असे माणसाला वाटते, ते तो गुडघे टेकून बोलतो आणि देवाच्या नावाने क्षमा झाल्याचे शब्द ऐकून हलक्या मनाने उठतो. उठल्यावर तो बाकाकडे जातो, सांगितलेल्या प्रार्थना म्हणतो आणि घरी परततो.

ज्याचा अपराध केला तो माणूस मात्र पुष्कळदा त्याच चर्चमध्ये चार बाक पुढे बसलेला असतो. त्याला यातले काहीच कळलेले नसते. देवाचा हिशोब मिटला, त्याचा तसाच राहिला. मग प्रश्न असा पडतो की, देवाने एकदा क्षमा केल्यावर त्या माणसाकडे जाण्याची गरज उरते का? आणि जायचे तर रिकाम्या हाताने जायचे की काही घेऊन?

प्रश्न साधा वाटतो, पण आपल्या पवित्र मिस्सेची सुरुवातच त्याच्यावर बोट ठेवते. छातीवर हात मारून आपण अपराध कबूल करतो तेव्हा केवळ देवापुढे करत नाही, भोवतालच्या बंधुभगिनींपुढेही करतो. त्यात जे केले त्याच्या जोडीला जे करायचे राहिले तेही मोजतो. हे आपण इतक्या वेळा म्हटले आहे की, बंधुभगिनी म्हणजे नेमके कोण, हे पाहायला मान वळवण्याचे आपल्या मनातही येत नाही.

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की, वेदीजवळ अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे अशी आठवण झाली, तर अर्पण तिथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे. या वचनातल्या दोन गोष्टी सहसा नजरेतून सुटतात. पहिली ही की, येशू आपल्या मनातल्या रागाबद्दल इथे बोलत नाही, भावाच्या मनातल्या तक्रारीबद्दल बोलतो. आपल्या मनात कुणाविषयी काही नाही एवढ्याने भागत नाही. ज्याने दुसऱ्याचे घेतलेले असते त्याच्या मनात बहुधा काहीच नसते. दुसरी गोष्ट अंतराची. हे ऐकणारे लोक गालीलातले होते आणि वेदी होती यरुशलेमच्या मंदिरात, सुमारे सव्वाशे किलोमीटर दूर. अर्पण तिथे ठेवून गावी जायचे, समेट करायचा आणि पुन्हा यायचे म्हणजे आठवडा सहज गेला. येशूला हे ठाऊक नव्हते असे नाही. आपल्याला तर चर्चच्या दारापासून भावाच्या दारापर्यंत पाच मिनिटे लागतात.

आपल्या वसईत अपराधाला पुष्कळदा माप असते. आपण शेतकरी आणि बागायतदार माणसे. आपली भांडणे शब्दांवरून पेटतात, पण खाली बहुतेक वेळा जमीन निघते: बांध, वहिवाटीची वाट, सामाईक विहिरीवरची मोटार, शेजाऱ्याच्या बाजूने वाकलेला माड. पावसाळ्याआधी बांध नव्याने घालताना तो दर वर्षी चार बोटे पलीकडे सरकला, तर कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. वीस वर्षांत ते पाच फूट होतात. बांध शंभर फूट लांब असेल तर पाचशे चौरस फूट, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा झाला. आजच्या भावाने अर्ध्या गुंठ्याची किंमत काय होते ते आपल्यापैकी कुणाला सांगायला नको.

पवित्र शास्त्राला बांध चांगला माहीत आहे. अनुवादाच्या पुस्तकात शेजाऱ्याच्या शेताची सीमा सरकवू नये अशी आज्ञा आहे, आणि पुढे सीमा सरकवणाऱ्याचे नाव सर्व लोकांसमोर शाप द्यायच्या अपराध्यांत घेतले आहे. लेवीयच्या पुस्तकात तर व्यवहार अगदी स्पष्ट आहे. ज्याने दुसऱ्याचे लुबाडले त्याने ते पूर्ण परत करायचे, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि मग देवापुढे दोषार्पण आणायचे. मुद्दल आणि व्याज, दोन्ही वेदीच्या आधी.

याच संदर्भात अहाब राजाची गोष्ट आठवते. पहिल्या राजांच्या पुस्तकातला हा एकविसावा अध्याय प्रायश्चित्तकाळात घरी सर्वांनी मिळून जरूर वाचावा. राजवाड्याला लागून नाबोथचा द्राक्षमळा होता आणि अहाबला तिथे भाजीचा मळा करायचा होता. बदल्यात दुसरी जमीन किंवा पैसे देण्याची त्याची तयारी होती. नाबोथने वाडवडिलांची जमीन देणार नाही असे सांगितले. राजा रुसून, जेवण टाकून पलंगावर पडला. मग ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथला दगडमार झाली आणि अहाब मळ्याचा ताबा घ्यायला गेला. तिथे एलिया संदेष्टा त्याच्यासमोर उभा राहिला. त्याचे शब्द ऐकून अहाबने वस्त्रे फाडली, अंगाला गोणपाट गुंडाळले, उपास केला आणि तो मान खाली घालून वावरू लागला. देवाने ते नम्र होणे पाहिले आणि शिक्षा लांबणीवर टाकली.

इथवर गोष्ट आपल्याला बरी वाटते. पण पूर्ण अध्याय पुन्हा वाचला तरी एक वाक्य कुठेच सापडत नाही: अहाबने मळा परत केला, असे तिथे लिहिलेले नाही. उपास झाला, गोणपाट झाले, रडणे झाले. मळा राजवाड्यालाच लागून राहिला. आणि शिक्षाही माफ झाली नव्हती, पुढे ढकलली गेली होती. आपण शुक्रवारी मांसाहार सोडतो, कुणी चहा सोडतो, कुणी चाळीस दिवस दारू सोडतो. सोडलेल्या गोष्टींच्या या यादीत मळा कधी आला आहे का?

आता कुणी रास्त शंका काढील. देवाची क्षमा फुकट आहे, कृपा आहे, असे आपण शिकलो. मग परत देण्याची अट कशी? हा पुन्हा देवाशी सौदाच नाही का?

या शंकेचे उत्तर जक्कयच्या गोष्टीत आहे, पण त्यासाठी गोष्टीचा क्रम नीट पाहायला हवा. यरीहोच्या त्या जकातदाराला येशू झाडावरून खाली उतरायला सांगतो आणि आज तुझ्या घरी उतरायचे आहे म्हणतो. तोवर जक्कयने एक दमडीही परत केलेली नाही. येशूने अट घातलेली नाही. लोक कुरकुरतात. मग जक्कय उभा राहून आपणहून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करतो. आणि त्यानंतर येशू जाहीर करतो की आज या घराला तारण लाभले. कृपा आधी आली. परतफेड ही त्या कृपेची किंमत नव्हती. कृपा खरोखरच घरात आली होती याची ती खूण होती. दिवा लागला की उजेड पडतोच, उजेड पाडून दिवा विकत घेत नाहीत. पण दिवा लागला म्हणतात आणि घरात अंधारच असेल, तर दिव्याबद्दल शंका घ्यावी लागते. संत याकोब आपल्या पत्रात कृतीवाचून असलेल्या श्रद्धेला निर्जीव म्हणतो तो याच अर्थाने.

ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात सांगितले आहे की पापक्षमेने पाप जाते, पण पापाने झालेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेले परत करणे, बदनामी केली असेल तर त्या माणसाचे नाव पुन्हा उजळणे, इजेची भरपाई देणे हे शक्य तितके करावेच लागते. पापनिवेदनानंतर फादर ज्या प्रार्थना सांगतात त्या या कामाची सुरुवात आहेत, त्याच्या बदली नाहीत.

आता ज्या विषयावर चर्चच्या आवारातही आपण हळू आवाजात बोलतो त्याकडे येऊ. तो म्हणजे बहिणीचा हिस्सा.

आपल्याला लागू असलेला भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ सालचा आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले, तर त्या कायद्याप्रमाणे विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना मिळते. त्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. केरळमध्ये त्रावणकोरच्या ख्रिस्ती स्त्रियांना हाच हक्क मिळवण्यासाठी मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तिथे १९१६ च्या जुन्या कायद्याने मुलीला मुलाच्या हिश्श्याच्या पाव भाग किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी असेल तेच मिळत होते. १९८६ साली न्यायालयाने तिथेही १९२५ चाच कायदा लागू असल्याचा निकाल दिला. त्या बाई २०२२ मध्ये देवाघरी गेल्या. आपल्याकडच्या बहिणींना असे लढावे लागले नाही. कायदा आपल्या बाजूने आधीपासून होता आणि आहे. तरीही सातबाऱ्यावर बहिणींची नावे किती काळ टिकतात?

कारण हक्कसोडपत्र नावाचा एक कागद असतो. वडिलांच्या वर्षश्राद्धाची मिस्सा होते, जेवण होते, आणि मग कुणीतरी वडीलधारे विषय काढतात. तुझ्या लग्नात खर्च झालाच की. तुझ्या सासरी काय कमी आहे? मेल्यावर बरोबर काय न्यायचे आहे? आणि शेवटचा दगड असा की, आपण ख्रिस्ती माणसे, क्षमा करावी, सोडून द्यावे. पुष्कळ बहिणी सही करतात. त्या जमिनीकडे पाहून सही करत नाहीत, माहेराकडे पाहून करतात. जमीन हवी की माहेर, असा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवलेला असतो, तोंडाने कुणी तसे म्हणत नाही एवढेच. सणाला उघडणारे दार बंद होऊ नये, म्हाताऱ्या आईला भेटता यावे, म्हणून दुय्यम निबंधकांसमोर अंगठा उमटतो.

भावांची बाजूही ऐकली पाहिजे. आईवडिलांचे शेवटचे आजारपण काढणारा, रात्री-अपरात्री दवाखान्यात धावणारा, कर्ज फेडून वाडी राखणारा भाऊ असतो. त्याला जास्त मिळावे असे बहिणीला मनापासून वाटू शकते, आणि अशा बहिणी आपण पाहतो. ते दान आहे आणि दान सुंदर असते. पण दान होण्यासाठी नाही म्हणण्याची मोकळीक लागते. जिला नाही म्हणताच येणार नव्हते तिने दिलेल्या वस्तूला दान म्हणणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होय.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते, आणि ती गल्लत ज्याने घेतले त्याच्या सोयीची असते. क्षमा करणे वेगळे आणि हक्क सोडणे वेगळे. क्षमा म्हणजे मनातले वैर सोडणे, समोरच्याचे वाईट न चिंतणे, त्याच्यासाठी प्रार्थना करता येणे. बहीण भावाला पूर्ण क्षमा करून आपला हिस्साही मागू शकते. त्यात ख्रिस्ती धर्माला बाधा येत नाही. उलट, ज्याने अपराध केला त्यानेच पीडिताला क्षमेचा उपदेश करावा, ही मात्र विचित्र गोष्ट आहे. क्षमा ही मागायची असते. ती वसूल करता येत नाही.

या दोन गोष्टी शेजारी शेजारी कशा उभ्या राहू शकतात याचे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. केरळच्या सिस्टर राणी मरिया मध्य प्रदेशात उदयनगर भागात गरीब शेतकऱ्यांना सावकारीच्या पाशातून सोडवण्याचे काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये समंदर सिंग या तरुणाने चाकूने भोसकून त्यांचा खून केला. त्याला जन्मठेप झाली. २००२ साली राणी मरिया यांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हातावर राखी बांधली. पुढे आईनेही त्याची भेट घेतली. घरच्यांनी त्याच्या सुटकेला संमती दिली आणि २००६ मध्ये तो बाहेर आला. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये इंदूरला राणी मरिया यांना धन्य म्हणून घोषित करण्यात आले.

ही गोष्ट आपण प्रवचनांत ऐकतो तेव्हा राखीपाशी थांबतो. पण जरा पुढे पाहू. राखी बांधली त्या दिवशी तुरुंगाचे दार उघडले नाही. तो आणखी चार वर्षे आत होता. क्षमा झाली आणि शिक्षाही चालू राहिली, त्या दोघींनी एकमेकींना खोटे पाडले नाही. दुसरे असे की खुनाची परतफेड करता येत नाही. गेलेला जीव चौपट काय, एकपटही परत देता येत नाही. अशा ठिकाणी माणूस एवढेच करू शकतो की उरलेले आयुष्य वेगळ्या रीतीने जगायचे. समंदर सिंगने आपल्या अपराधाविषयी लोकांसमोर उघड बोलण्याचा मार्ग धरला. परत देणे अशक्य असलेल्या माणसाने हे केले. अर्धा गुंठा परत देणे तर अशक्य नाही.

क्षमा मागण्याचा धडा खुद्द ख्रिस्तसभेलाही गिरवावा लागला आहे, हे आपण लपवण्याचे कारण नाही. १२ मार्च २००० रोजी, प्रायश्चित्तकाळातल्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये संत पीटरच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांनी शतकानुशतके केलेल्या अपराधांबद्दल देवाकडे क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली केलेली जबरदस्ती, यहुदी लोकांवरचा अन्याय, इतर संस्कृती व धर्मांचा अनादर, स्त्रियांची मानहानी, असे एकेक अपराध उच्चारले गेले आणि प्रत्येक वेळी क्रुसापुढे एक दिवा लावला गेला. त्या वेळीही काहींनी विचारले होते की शब्दांनी काय होणार. रास्त प्रश्न होता. पुढे २०२२ च्या जुलैमध्ये पोप फ्रान्सिस व्हीलचेअरवर बसून कॅनडात गेले आणि निवासी शाळांमध्ये मूळनिवासी मुलांवर झालेल्या अत्याचारांत ख्रिस्ती लोकांचा हात होता याबद्दल त्या लोकांच्या भूमीवर त्यांची क्षमा मागितली. माफी ही केवळ सुरुवात आहे असे त्यांनीच सांगितले. त्या लोकांच्या काही वस्तू व्हॅटिकनच्या संग्रहात होत्या. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पोप लिओ चौदावे यांनी त्यांतल्या बासष्ट वस्तू मूळ लोकांकडे परत जाव्यात म्हणून कॅनडाच्या बिशपांच्या स्वाधीन केल्या. आधी जाणे, मग बोलणे, मग परत देणे. उशीर झाला, पण क्रम जक्कयचाच होता.

आपल्या वसईच्या मातीतही असे जुने हिशोब आहेत. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज काळात इथली देवळे पाडली गेली. मराठ्यांनी वसई जिंकल्यावर चर्चच्या घंटा गेल्या, त्यांतल्या काही वाईजवळ मेणवलीला आणि भीमाशंकरला आजही पाहायला मिळतात. घंटा मागायला आपण जात नाही आणि जाऊही नये. पण निर्मळच्या यात्रेत दोन्ही धर्मांची माणसे शेजारी शेजारी सुकेळी खरेदी करतात तेव्हा न बोलता बरेच काही मिटलेले असते, असे आम्हांला वाटते. इतिहासाचा तो हिशोब अशा शेजारधर्मानेच हळूहळू फिटेल.

मात्र आजच्या पिढीने केलेले जे आहे ते इतिहासावर ढकलता येणार नाही. आपल्या पूर्वजांनी बावखले राखली. पावसाचे पाणी तिथे साठत होते, मुरत होते, विहिरी गोड राहत होत्या, रहाट फिरत होते. नंतर विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले, बावखले मातीने बुजली, नाले अडले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८८ पासून हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून याविरुद्ध लोकांना जागे केले तेव्हा धर्मगुरूंनी वेदी सोडून रस्त्यावर का यावे, असे विचारणारे होतेच. ‘सुवार्ता’चे संपादक, ‘सुबोध बायबल’चे लेखक, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. २५ जुलै २०२४ रोजी ते देवाघरी गेले तेव्हा आपण सर्वांनी डोळे पुसले. पण त्यांच्यासाठी वेदी आणि रस्ता हे दोन वेगळे विषय नव्हते. वेदीवर जी भाकर आणि जो द्राक्षरस आपण ठेवतो, तो माती आणि पाण्यातूनच येतो.

२०१८ च्या जुलैमध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, रुळांवर गाड्या अडकल्या, घरांत कमरेएवढे पाणी आले. तेव्हा आपण महापालिकेला बोल लावला आणि बिल्डरांना लावला. त्यांचा दोष होताच. पण बुजवलेले प्रत्येक बावखल कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर होते, आणि विकतानाच्या कागदावरची सही बिल्डरची एकट्याची नव्हती. अशा पापाचे निवेदन कसे करायचे? इथे समोर एक माणूस नसतो. गुडघाभर पाण्यात उभी असलेली सगळी चाळ असते, जिच्यातले बहुतेक लोक आपल्या चर्चचेही नसतात. उरलेली बावखले गाळ काढून जिवंत ठेवणे हीच त्यांची क्षमा मागण्याची एक पद्धत असू शकते. काही गावांत तरुण मंडळी हे काम करतात, ते पर्यावरणाचे काम म्हणून ओळखले जाते. त्याला प्रायश्चित्त म्हटले तरी चालेल.

शेवटी एक अडचण, जी पुष्कळांच्या मनात असते. ज्याचे घेतले तो वारला असेल तर? जमीन विकून पैसाही संपला असेल तर? संत ऑगस्टीन म्हणतात की परत करता येत असूनही जो परत करत नाही त्याचा पश्चात्ताप म्हणजे सोंग आहे. ‘करता येत असूनही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अशक्य ते देव मागत नाही. संत थॉमस अॅक्वायनस यांनी याचा बारकाईने विचार केला आहे. माणूस वारला असेल तर त्याच्या वारसांना द्यावे. शोधूनही कुणी सापडत नसेल तर त्याच्या आत्म्याच्या कल्याणासाठी गरिबांना द्यावे. एकदम जमत नसेल तर थोडे थोडे द्यावे. आणि लोकांत अब्रू जाण्याची भीती असेल तर कुणाच्या तरी हातून गुप्तपणेही देता येते. पापनिवेदनाची गुप्तता पाळणारी ख्रिस्तसभा परतफेडीचा बोभाटा करायला सांगत नाही. हे फादरांशी बोलून ठरवता येते.

बांधाचे काम तर याहून सोपे आहे. मे महिन्यात बांध नव्याने घालताना तो जुन्या खुणेवर घालता येतो. त्यासाठी वकील नको, मोजणी नको. शेजारी पहिल्या दिवशी काही बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी तो पावलांनी मोजून पाहील. तिसऱ्या दिवशी बहुधा चहाला या म्हणेल, आणि मग शब्दांनी जी माफी मागायची आहे ती त्या चहाबरोबर मागता येईल. ती मागायची राहू नये मात्र. मुकाट्याने सरकवलेला बांध जमीन परत देतो, पण इतकी वर्षे मनात काय चालले होते ते त्याला सांगत नाही.

बहिणीच्या बाबतीत कागद लागतील. सातबाऱ्याचा उतारा हल्ली घरबसल्या ऑनलाइन निघतो, फेरफारासाठी तलाठी कार्यालयात जावे लागते, दस्त करायचा तर दुय्यम निबंधकांकडे. गुड फ्रायडेला ही कार्यालये बंद असतात. तेव्हा ज्यांना त्या दिवशी क्रुसाची वाट चालायची आहे त्यांनी आधीच्या सोमवारी बहिणीला फोन करून, तिला वेळ कधी आहे, ते विचारून ठेवावे.